खुरकतीचा विषाणू पेशीला कुठे धरतो : बालाघाटातल्या एका वाडीचं प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणी पट्ट्यातल्या एका डोंगरवाडीचं आहे. वाडीतली निम्मीअधिक घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. बरीच जोडपी टायरगाडी आणि बैलजोडी घेऊनच जातात. त्या वर्षी परतलेल्या बैलांमागोमाग वाडीत लाळ्या खुरकूत शिरली. साथ तशी नेहमीचीच. पण कोणती जनावरं पडली आणि कोणती उभी राहिली, याची जी यादी हाती आली ती नीट वाचायची तर विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनापर्यंत जावं लागतं. ते प्रथिन पेशीला कुठे धरतं आणि कशाने मोडतं, या दोन गोष्टी कळल्या की यादीतला जवळजवळ प्रत्येक गोठा उलगडतो.

घडलं ते असं

पहिला फोन आला तो एका तांबड्या बैलाच्या मालकाचा. "डाक्टर, बैल पाय टेकवीना. तोंडातनं सारखी तार लागलीय, कडब्याला तोंड बी लावीना." जोडी कारखान्यावरून येऊन चार दिवस झाले होते. बैलाला १०५ अंश फॅरनहाइट ताप होता आणि तो सारखा मचमच आवाज करत होता. जीभ बाहेर ओढली तर वरचा पापुद्रा हातात आला, खाली लालभडक मांस. चारही पायांच्या खुरांच्या बेचक्यात फोड फुटलेले. जोडीतला दुसरा बैल तापाने फणफणत होता, पण त्याचं तोंड अजून स्वच्छ होतं. त्याला फोड दुसऱ्या दिवशी उठले.

आठवड्या-दीड आठवड्यात वाडीचं चित्र स्पष्ट झालं. ऊसतोडीहून आलेले बैल जवळजवळ सगळे आजारी, आणि तेही जबर. वरच्या आळीतल्या गायी, त्यात लाल कंधारी आणि देवणी रक्ताच्या बऱ्याच, त्याच हौदावर पाणी पिऊनही ठणठणीत. खालच्या आळीतल्या कालवडी मात्र आजारी. त्यांच्या कानात बिल्ले होते आणि दिवाळीनंतरच्या फेरीत लस टोचल्याची नोंदही होती. त्याच आळीतल्या जुन्या गायींना त्याच दिवशी लस मिळाली होती, त्यांना काही झालं नाही. शेळ्या दोन-चार दिवस जराशा लंगडल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि दोन तान्ही वासरं दगावली. त्यांच्या तोंडात फोड नव्हता, लाळ नव्हती. त्यातलं एक आईला पिता पिताच कोसळलं.

लसच खोटी, असं वाडीत बोललं जाऊ लागलं. खालच्या आळीतल्या एका आजींनी मला तोंडावर विचारलं, "टोचून घिऊन बी कालवड पडली, मग टोचायचं कशाला?" या प्रश्नाला "आजी, लस घेतलीच पाहिजे" एवढं उत्तर पुरत नाही. ज्याचं जनावर पडलं त्याला खरं कारण कळायला हवं, आणि ते कारण सांगता येण्याइतकं विज्ञान आज आपल्याकडे आहे.

कणाची घडण

जर्मनीत फ्रीड्रिख लोफ्लर आणि पाउल फ्रॉश यांनी १८९७-९८ मध्ये या रोगाच्या फोडातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून पाहिलं. गाळलेल्या पाण्यानेही वासरं आजारी पडली. प्राण्यांना रोग देणारा विषाणू माणसाला पहिल्यांदा कळला तो हाच. त्याचा आकार डोळ्यांपुढे यायला मात्र आणखी नव्वदेक वर्षं लागली. १९८९ मध्ये रवी आचार्य, डेव्हिड स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने 'ओ' प्रकारच्या विषाणूची रचना २.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याने मांडली.

हा कण जेमतेम ३० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या ओळीत तीस हजारांहून जास्त मावतील. आत आरएनएचा, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती वाहणारा, एकच धागा, सुमारे ८,४०० अक्षरांचा. त्याच्याभोवती प्रथिनांचं कवच आणि बस्स. चरबीचा पडदा नाही, त्यामुळे साबणाने हा विषाणू फारसा बधत नाही. कवचात चार प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाच्या ६० प्रती : व्हीपी१, व्हीपी२ आणि व्हीपी३ बाहेरच्या अंगाला, व्हीपी४ आतून. ही प्रथिनं पाच-पाचच्या गटांनी जुळून पंचक बनतं आणि असे १२ पंचक एकमेकांना टेकून पूर्ण कण उभा राहतो. पंचकाच्या आतले सांधे पक्के असतात. पंचक आणि पंचक यांच्यामधले सांधे मात्र नाजूक. वाडीच्या यादीतल्या निम्म्या कोड्यांचं उत्तर या नाजूक सांध्यांत आहे, म्हणून हे आत्ताच लक्षात ठेवावं.

पोलिओचा विषाणू याचा दूरचा भाऊबंद. त्याच्या पृष्ठभागावर खोल दरी असते आणि पेशीवरचं प्रथिन त्या दरीत येऊन बसतं. खुरकतीच्या कणाला अशी दरी नाही, पृष्ठभाग बराच सपाट आहे. मग तो पेशीला धरतो कुठे? व्हीपी१ या प्रथिनाचा एक फास कणाच्या अंगातून बाहेर डोकावतो, साधारण १४० ते १६० या क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाची माळ ज्यांची बनते त्या मण्यांचा. १९८९ च्या रचनेत हा फास दिसलाच नव्हता. बाकी सगळ्या कणाचे अणू मोजून ठेवता आले आणि नेमकी ही जागा धूसर आली. कारण सोपं होतं : फास सतत हलत असतो, आणि हलणाऱ्या गोष्टीचं क्ष-किरणांनी चित्र उमटत नाही. १९९३ मध्ये त्याला बांधून ठेवणारा गंधकाचा बंध रासायनिक रीतीने तोडल्यावर फास कणाच्या अंगावर आडवा पडला, स्थिर झाला आणि तेव्हा त्याचा आकार वाचता आला. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. जो भाग हलतो म्हणून दिसत नव्हता, त्या हलण्यातच त्याची ताकद होती. हलता फास पेशीवरच्या प्रथिनापर्यंत हव्या त्या कोनातून पोचू शकतो.

फासाच्या टोकाला तीन अमिनो आम्लं ठरलेली असतात : आर्जिनिन, ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल. अभ्यासक त्यांना आरजीडी म्हणतात. ही तीन अक्षरं विषाणूने स्वतः शोधलेली नाहीत. प्राण्यांच्या शरीरात पेशी आपल्या भोवतालच्या धाग्यांना धरून राहतात ते अशाच तीन अक्षरांच्या आधाराने. धरण्याचं काम करणारी पेशीवरची प्रथिनं म्हणजे इंटिग्रिन. प्रत्येक इंटिग्रिन दोन साखळ्यांचं असतं आणि खुरकतीचा विषाणू ज्याच्यावर सगळ्यांत जास्त विसंबतो ते आहे अल्फा-व्ही बीटा-६.

पकड अशी बसते. आर्जिनिनवर धन भार असतो, तो अल्फा-व्ही साखळीच्या खाचेत जातो. अस्पार्टिक आम्लावर ऋण भार असतो, तो बीटा-६ साखळीत बसलेल्या धातूच्या आयनाशी, म्हणजे मॅग्नेशियमसारख्या आयनाशी, जोडला जातो. एवढ्यावर कितीतरी इंटिग्रिनं समाधान मानतात. बीटा-६ ला आणखी काही लागतं. आरजीडीच्या लगेच पुढचं आणि त्यानंतर दोन घरं सोडून येणारं, अशी दोन ल्युसिनं जागेवर असावी लागतात. फासाचा तो भाग बीटा-६ ला टेकला की छोट्या मळसूत्रासारखा वळतो आणि दोन्ही ल्युसिनं बीटा-६ वरच्या तेलकट खळग्यात रुतून बसतात. शरीराचंच एक संदेशवाहक प्रथिन आहे, टीजीएफ-बीटा. त्याच्या वेष्टनावरही हेच अक्षर-क्रम सापडतात आणि अल्फा-व्ही बीटा-६ त्याला असंच धरतं. दारावरचा कोयंडा घराने आपल्या कडीसाठी बसवलेला, आणि विषाणूने बरोबर त्याच मापाची कडी घडवून आणलेली. एका कणावर अशा ६० कड्या आहेत, त्यामुळे एक सुटली तरी दुसरी धरून ठेवते.

पकड बसली की पेशी त्या कणाला स्वतःच आत ओढते, एका छोट्या पिशवीत. पेशीच्या आतल्या या पिशव्या हळूहळू आम्ल होत जातात. पीएच साडेसहाच्या खाली उतरला की पंचकांच्या सांध्यांवरच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लांवर धन भार चढतो, सांधे एकमेकांना ढकलू लागतात आणि कण बारा पंचकांत फुटतो. आरएनए मोकळा होतो. तिथून पुढे पेशी विषाणूची चाकर.

जीभ आणि खूरच का

तांबड्या बैलाच्या पाठीवर, पोटावर, मानेवर एकही फोड नव्हता. फोड होते जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात आणि खूर जिथे कातडीला मिळतो त्या कडेला. विषाणू रक्तातून सगळीकडे फिरतो, तरी फोड ठरावीक जागीच येतात. गायीबैलांच्या जिभेच्या, घशाच्या आणि खुरांजवळच्या त्वचेच्या पेशींवर अल्फा-व्ही बीटा-६ मुबलक असतं. कोयंडा जिथे, कडी तिथे. शिवाय या जागा सतत घासल्या जातात. जनावर कडबा चघळतं, खुरं जमिनीवर आपटतात, आणि संसर्ग झालेल्या त्वचेवर ताण पडला की फोड जास्त फुटतात. ऊस भरलेली गाडी डांबरी सडकेवरून ओढणाऱ्या बैलाच्या खुरांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. वाडीतल्या गाभण म्हशीला आणि गाडीच्या बैलाला एकच विषाणू झाला तरी बैल जास्त का कुथत होता, त्याचं उत्तर काही अंशी इथे आहे.

वासरांची गोष्ट वेगळी. कोवळ्या वयात विषाणू हृदयाच्या स्नायूवर हल्ला करतो. फोड उठायच्या आतच वासरू जातं. त्या दोघांपैकी एकाचं शवविच्छेदन केलं तेव्हा हृदयावर फिकट पट्टे होते, वाघाच्या अंगावर असतात तसे. पशुवैद्यकीच्या पुस्तकांत या हृदयाला वाघाचं नाव त्यामुळेच पडलं आहे. दोन्ही वासरांच्या आया हंगामात कोपीवरच, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तळावरच्या झोपडीपाशीच, होत्या, एक तिथेच व्याली होती. दोघींनाही लस मिळालेली नव्हती. लस घेतलेल्या गायीच्या चिकातून वासराला आयती प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी शरीराची प्रथिनं, मिळतात आणि पहिले काही महिने ती त्याला तारतात. या वासरांच्या चिकात ती नव्हती. त्यानंतर आम्ही वाडीत एक गोष्ट घरोघर सांगितली : आजारी गायीचं दूध वासराला कच्चं पाजू नका, उकळून, कोमट करून पाजा. विषाणू दुधात उतरतो आणि उकळल्यावर मरतो.

लस म्हणजे नेमकं काय टोचतात

आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात आणि लस तिन्हींवर चालेल अशी एकत्र असते. जगात एकूण सात प्रकार, त्यातला 'सी' २००४ नंतर कुठे आढळलेला नाही. एका प्रकाराची लस दुसऱ्यावर चालत नाही. आपल्या लसीतल्या 'ओ' चं वाण १९७५ सालचं आहे आणि देशात बहुतेक साथी 'ओ' च्याच असतात.

लसीत पूर्ण कण असतो, फक्त त्याचा आरएनए रसायनाने निकामी केलेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांना वाटलं होतं की एवढा खटाटोप कशाला, पेशीला धरतो तो फास, मग फक्त फास बनवून टोचावा. प्रयोगशाळेत फासाचा तुकडा तयार झाला, गिनीपिग त्याने वाचलेही. गायीबैलांवर तो तोकडा पडला. एकच लहान तुकडा दाखवला तर शरीराची तयारीही तेवढ्याच तुकड्यापुरती होते. पुढे विषाणूने आरजीडीच्या शेजारची अक्षरं बदलली की ती तयारी वाया जाते. आणि विषाणू नेमकं हेच करतो. आरजीडी स्वतः बदलली तर पकड सुटेल, म्हणून ती तीन अक्षरं तशीच राहतात, पण तिच्या दोन्ही बाजूंची अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. भारतात 'ए' प्रकाराच्या एका गटात तर व्हीपी३ मधलं ५९ व्या जागचं एक अमिनो आम्ल गळूनच पडलं, आणि तेवढ्याने जुन्या लसीची प्रतिपिंडं त्याला नीट ओळखेनाशी झाली.

पूर्ण कण टोचला तर शरीर फासावरही प्रतिपिंडं बनवतं आणि कवचाच्या इतर जागांवरही. 'ओ' प्रकारावर अशा पाच जागा ओळखल्या गेल्या आहेत. त्यातल्या काही एकाहून अधिक प्रथिनांनी मिळून बनलेल्या, म्हणजे प्रथिनं आपापल्या जागी जुळलेली असली तरच त्या अस्तित्वात असतात. म्हणून लसीची ताकद मोजताना कारखान्यात एकूण प्रथिन किती यापेक्षा पूर्ण कण किती, हे पाहतात. पूर्ण कणाला १४६ एस म्हणतात आणि सुट्या पंचकाला १२ एस. वेगाने फिरवल्यावर कोण किती झपाट्याने तळाला जातं त्याची ती मापं. पंचक टोचलं तरी प्रतिपिंडं तयार होतात, पण कमी, आणि खऱ्या विषाणूला रोखायला अपुरी.

कण पंचकांत फुटतो कशाने? आम्लाने फुटतो, ते पेशीच्या पिशवीत पाहिलं. उष्णतेनेही फुटतो. आणि लसीतल्या तिन्ही प्रकारांत 'ओ' चा कण विशेष नाजूक. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची, तेही न गोठवता, हा नियम कुणा अधिकाऱ्याच्या मनातला नाही. तो पंचकांच्या सांध्यांतून आला आहे.

खालच्या आळीचं कोडं

आता यादीकडे परत येऊ. पहिला संशय वाडीकरांचा : लस खोटी, किंवा विषाणूच बदललेला. जिभेच्या पापुद्र्याचे तुकडे पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवले होते, उत्तर आलं 'ओ'. लसीत 'ओ' आहेच. शिवाय विषाणू लसीपासून दूर गेला असता तर दोन्ही आळ्यांतल्या जुन्या गायीही पडल्या असत्या. या युक्तिवादाला एक खाच आहे, ती लपवणं बरं नाही : वर्षानुवर्षं डोस घेतलेल्या जनावराची प्रतिपिंडं जास्त रुंद पल्ल्याची असतात आणि थोड्या बदललेल्या विषाणूलाही आवरतात. तरीही एका आळीतल्या कालवडी पडतात आणि दुसऱ्या आळीतल्या पडत नाहीत, हा फरक विषाणूच्या बदलाने सुटत नाही. विषाणू दोन्ही आळ्यांत एकच होता.

मग आळ्यांमध्ये वेगळं काय होतं, ते विचारत गेलो. लसीकरणाच्या दिवशी फेरी वरून सुरू झाली आणि खालची आळी शेवटी आली, दुपार टळून गेल्यावर. उन्हाचा दिवस. एका मालकाने सांगितलं, "आमच्याकडं आले तवा पेटीतला बर्फ पार पाणी झाला व्हता. बाटली हाताला गरमच लागत व्हती." दुसऱ्या घरानेही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. वाट खडकाळ, जनावरं डोंगरात चरायला गेलेली, ती गोळा होईस्तोवर थांबावं लागलेलं. यात कुणाची हेळसांड होती असं मी म्हणणार नाही. दिवसभर डोंगर चढ-उतार करणाऱ्या माणसाच्या खांद्यावरची ती पेटी होती.

म्हणजे खालच्या आळीला मिळालेल्या लसीत 'ओ' चे पूर्ण कण बरेच फुटले असावेत. पण मग त्याच बाटलीतून टोचलेल्या जुन्या गायी कशा वाचल्या? त्या गायींनी याआधीच्या फेऱ्यांत पाच-सहा वेळा चांगली लस घेतलेली. शरीराच्या आठवणीत पूर्ण कणाचा आकार बसलेला होता. अशा जनावराला कमजोर डोसही उजळणीपुरता पुरतो. कालवडींचा तो आयुष्यातला पहिलाच डोस होता. पहिल्या डोसानंतर महिनाभरात दुसरा द्यायचा असतो, म्हणजे प्रतिपिंडं भक्कम होतात. तो द्यायला कुणी आलं नव्हतं आणि मालकांनाही तो ठाऊक नव्हता. वरच्या आळीतल्या कालवडींनाही दुसरा डोस नव्हताच, पण त्यांचा पहिला डोस सकाळच्या गार पेटीतला होता. दोन कमतरता एकाच गोठ्यात एकत्र आल्या तिथे जनावर पडलं. एकच होती तिथे निभावलं. आजींना मी हेच सांगितलं, कणांचे आकार बोटांनी दाखवत. त्यांनी शेवटी विचारलं, "म्हंजे औषध फुटलं व्हय?" होय, औषध फुटलं. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

बैलांचं गणित तर त्याहून सरळ निघालं. दिवाळीनंतरची फेरी वाडीत आली तेव्हा बैल कारखान्यावर. पुढची फेरी सुरू व्हायच्या आत ते तापलेलेच परतले. त्याआधीच्या वर्षीही असंच. लसीची फेरी गावाच्या हिशोबाने फिरते आणि बैल हंगामाच्या हिशोबाने. कारखान्याच्या तळावर अनेक जिल्ह्यांतले बैल एका हौदावर पाणी पितात, आणि गायवर्गाला श्वासावाटे लागण व्हायला विषाणूचे अगदी मोजके कण पुरतात.

आम्लाचा आणि सोड्याचा उपयोग

कणाचे सांधे नाजूक असतात, ही गोष्ट लसीच्या बाबतीत आपल्या विरोधात जाते, पण गोठा धुताना आपल्या कामी येते. पीएच सहाच्या खाली किंवा नऊच्या वर गेला की विषाणू टिकत नाही. गोठ्याची फरशी, गव्हाण आणि हौदाचा कठडा चार टक्के धुण्याच्या सोड्याने धुऊन घेतला. दहा लिटरच्या बादलीत चारशे ग्रॅम सोडा. तो किराणा दुकानात मिळतो. जिथे शेण साचलेलं, तिथे आधी ते खरवडून काढायला लावलं, कारण शेणाखाली विषाणू सुरक्षित राहतो. तोंड आणि खुरं पोटॅशियम परमँगनेटच्या हलक्या पाण्याने धुऊन जिभेवर बोरो-ग्लिसरीन लावलं. खायला ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज आणि कोवळा हिरवा चारा. खुरांच्या जखमांत आसाडी, म्हणजे अळ्या, पडू नये म्हणून रोज पाहणी. औषधं दुय्यम संसर्गासाठी असतात, विषाणूवर थेट काम करणारं काही आपल्या हाती नाही.

प्रयोगशाळेला नमुना पाठवतानाही हेच सांधे आड येतात. पापुद्रा नुसता बर्फात टाकून पाठवला आणि तो सडून आम्ल झाला तर विषाणू वाटेतच मोडतो. म्हणून पीएच साधारण साडेसात राखणाऱ्या ग्लिसरीन मिसळलेल्या बफरमध्ये तो बुडवतात. गावपातळीवर ही बाटली हाताशी नसते, आणि मग "नमुना तपासणीयोग्य नाही" असं उत्तर येतं. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या फ्रिजमध्ये अशी एक तरी बाटली असावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

तांबडा बैल तीन आठवड्यांनी चालू लागला. पण पुढच्या उन्हाळ्यात तो दुपारी धापा टाकायचा, अंगावर केस राठ वाढलेले, गाडीला जुंपला की थोड्याच वेळात जीभ बाहेर. ही या रोगाची मागे राहणारी खूण आहे. मालकाच्या अंगावर मुकादमाची, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) होती. बैल विकावा तर निम्म्या किमतीला, ठेवावा तर गाडी ओढेना.

पुढच्या हंगामाआधी वाडीने जे ठरवलं त्यात माझाही हात होता, म्हणून ते इथे लिहितो. गाडीच्या बैलांना पोळ्याच्या सुमारास लस. ती सकाळच्या पहिल्या तासांत, बैल आदल्या रात्रीपासून दावणीला बांधून, म्हणजे पेटी उन्हात थांबणार नाही. पहिल्यांदा लस घेणाऱ्या गोऱ्ह्या-कालवडींना महिन्याने दुसरा डोस, त्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. पोळ्यानंतर निघेपर्यंत महिना-दीड महिना हाती असतो, तेवढ्यात प्रतिपिंडं पुरेशी चढतात. परतलेल्या बैलांना दोन आठवडे वेगळा हौद, कारण विषाणू अंगात शिरल्यापासून फोड उठेपर्यंत दोनापासून चौदा दिवस जाऊ शकतात.

यात एक भोक उरतं. लसीचा भरवसा सहा महिन्यांचा. पोळ्याला टोचलेला बैल पाडव्याला परततो तेव्हा सात महिने उलटलेले असतात, आणि शेवटचे दोन महिने तो कारखान्याच्या तळावर सगळ्यांत जास्त गर्दीत असतो. म्हणून जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, तळावरच एक डोस व्हायला हवा. २०१९ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लस मोफत आहे, बैलाच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, आणि त्या क्रमांकावरून बीडची नोंद सांगलीतल्या पशुवैद्यकालाही पाहता येते. कोप्यांवर बैल मोजायला मुकादमाकडे यादी असते. तीच यादी लसीकरणाच्या पथकाकडे द्यायची आहे.